प्लेटवर काय उरलं? जेल प्लेटवर न उतरणाऱ्या एका फोटोचं प्रकरण

या प्रकरणातल्या विद्यार्थिनी वयाने माझ्याहून मोठ्या. सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेलेली, निवृत्तीनंतर जलरंग आणि पेनाची रेखाटनं यांत हात चांगला बसलेला. जेल प्लेटवर, म्हणजे रंग लावून कागदावर छाप घ्यायच्या मऊ पाटीवर, पानांचे ठसे, स्टेन्सिल, दोरा, जाळी हे सगळं त्यांनी झपाट्याने उचललं. अडल्या त्या एकाच ठिकाणी, फोटो उतरवण्यात. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करत. वडिलांच्या हातांचा एक जुना कृष्णधवल फोटो होता. बोटांत चिमटा, समोर उघडलेलं मनगटी घड्याळ. तो छापून त्यांना भावंडांना द्यायचा होता, आणि तो काही केल्या उतरेना. कधी फिकट, कधी तुटक, कधी एक बाजू गडद आणि दुसरी गायब.

फोटो उतरत नाही ही तक्रार नवीन नाही, जेल प्लेट हाताळणारा जवळपास प्रत्येक जण ती करतो. तरी हे प्रकरण मी सविस्तर लिहितेय, कारण या बाईंनी प्रत्येक छापाची नोंद ठेवली होती. तारीख, रंग, कागद, दाब, सगळं. इतकी नोंद असूनही कारण सापडत नव्हतं, ते का, हाच खरा प्रश्न होता.

फोटो मुळात उतरतो कसा

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी आधी क्रिया सांगते. बाजारात मिळणारी जेल प्लेट म्हणजे खनिज तेल आणि पॉलिमर यांचा मऊ, पारदर्शक, किंचित तेलकट स्पर्शाचा तुकडा. त्यावर रोलरने काळ्या ॲक्रिलिकचा पातळ थर पसरायचा. तो ओला असतानाच फोटोचा लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स पालथा ठेवायचा, हाताने चोळायचा आणि लगेच उचलायचा. प्लेटवर काळ्या रंगात फोटो उरतो. तो पूर्ण वाळू द्यायचा. मग त्यावर फिक्या रंगाचा दुसरा थर, त्यावर कोरा कागद, वर वजन. दुसरा थर वाळला की कागद सोलून काढायचा. फिका रंग खालच्या काळ्या रंगाला धरतो, कागद फिक्या रंगाला धरतो, आणि सगळं मिळून एक पापुद्रा प्लेटवरून सुटतो.

पहिल्या टप्प्यात चित्र तयार होतं ते टोनरमुळे. टोनर म्हणजे उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली प्लॅस्टिकची भुकटी. तिच्यात रंग मुरत नाही. फोटोत जिथे पांढरं असतं तिथे उघडा कागद असतो आणि त्याचे तंतू ओला रंग शोषून उचलतात. जिथे काळं असतं तिथे टोनर रंगाला धरत नाही, म्हणून तो प्लेटवरच राहतो. इंकजेटचा प्रिंट इथे चालत नाही तो याच कारणाने. त्याची शाई कागदात मुरलेली असते, त्यामुळे छापलेला आणि कोरा भाग दोन्ही सारखेच रंग शोषतात, वर ती शाई प्लेटला डाग पाडू शकते. मासिकांची पानं कधी चालतात, कधी नाहीत. शिकणाऱ्याने सुरुवातीला त्यांच्या नादी लागू नये असं माझं मत आहे, कारण फसलं तर दोष पानाचा की आपला हे कळत नाही.

थोडक्यात, इथे सतत रस्सीखेच चालू असते. प्लेट, टोनर, कागद, दुसरा थर, यांतला कोण त्या क्षणी रंगाला जास्त घट्ट धरतो यावर सगळं ठरतं. आणि ही पकड स्थिर नसते. रंग वाळतो तशी ती सेकंदासेकंदाला बदलते.

वहीत काय होतं आणि काय नव्हतं

बाईंनी वही समोर ठेवली. फिकट छापाला त्यांनी केलेले उपाय क्रमाने दिसत होते. आधी कागद बदलला, ८० जीएसएमच्या साध्या कागदावरून जाड कार्ट्रिज कागदावर गेल्या. मग रंग बदलला. मग काळा थर जाड केला. मग उलट, रंगात पाणी घातलं. मग दाब वाढवला, हाताऐवजी लाटणं फिरवलं. प्रत्येक उपायाने काहीतरी नवं बिघडत होतं. जाड थराने टोनरखालचा रंगही उचलला गेला आणि चिमट्याची टोकं बुजली. पाणी घातलेला रंग तेलकट पृष्ठभागावर थेंबाथेंबाने गोळा झाला. लाटण्याच्या दाबाने मऊ प्लेट दबून पसरली आणि रेषा फुगल्या.

रोग एक आणि औषध भलतंच, असं चाललं होतं. पण रोग कोणता हे वहीवरून मलाही सांगता आलं नसतं. वहीत प्रत्येक छाप चिकटवलेला होता, पण छाप घेतल्यावर प्लेटवर काय उरलं याची एकही ओळ नव्हती. बाई प्लेट लगेच पुसून टाकत. स्वच्छतेची सवय, दुसरं काय.

मी म्हटलं, "ताई, आज प्लेट पुसायची नाही. छाप घेतला की आधी प्लेट बघायची, कागद नंतर."

त्यांनी नेहमीप्रमाणे सगळं केलं आणि मी नुसती बघत बसले. काळा थर त्या फार निगुतीने लावत होत्या. आडवा रोलर, मग उभा, कोपरे, पुन्हा आडवा. जलरंगात सपाट वॉश, म्हणजे एकसारखा पातळ रंग, घालणाऱ्या माणसाला डाग राहिलेला सहन होत नाही. थर खरोखर सुरेख झाला, पण लेझर प्रिंट ठेवेपर्यंत काठाकडचा रंग मॅट दिसायला लागला होता. पातळ ॲक्रिलिक कोरड्या खोलीत बघता बघता वाळतं, आणि पंखा चालू असेल तर आणखी लवकर. प्रिंट उचलला तेव्हा मधोमध फोटो होता आणि काठाला काळी चौकट तशीच. तिथलं काहीच कागदाने उचललं नव्हतं, कारण उचलण्याजोगं ओलं काही उरलंच नव्हतं.

पुढे दुसरा थर. हाही निगुतीने. कागद ठेवला, दाबला, आणि थोड्याच वेळात कोपरा उचलून डोकावून बघितलं. मग आणखी थोडा. मग राहवेना म्हणून पूर्ण काढला. छाप फिकट, तुटक, नेहमीसारखा.

आता प्लेट. ती खिडकीजवळ नेऊन तिरप्या उजेडात धरली. काळ्या रेषांचे बरेच तुकडे प्लेटवरच होते, आणि त्यांच्यावर पिवळसर रंगाचा ओला, चकाकणारा थर होता. कागदाच्या प्लेटकडच्या बाजूलाही तोच रंग ओला. म्हणजे दुसरा थर सुटला नव्हता, तो मधोमध फाटला होता. अर्धा कागदाबरोबर गेला आणि अर्धा काळ्या रंगाला धरून खाली राहिला. हे टोक मात्र पहिल्याच्या अगदी उलट. आधी उशीर झाला होता, इथे घाई झाली होती.

दोन विरुद्ध चुका, आणि छापावर दोन्ही एकसारख्या दिसतात : चित्र फिकट आणि तुटक. प्लेटवर मात्र त्या एकसारख्या दिसूच शकत नाहीत. काळा रंग सपाट, मॅट आणि चित्राशिवाय उरला तर पहिला थर आधीच वाळला होता. काळ्या रेषा वर ओला फिका रंग घेऊन उरल्या तर कागद लवकर काढला. तिसरी शक्यताही असते. काळ्या रेषांवर फिक्या रंगाची कोरडी, अखंड साय उरते आणि कागद जवळपास कोरा निघतो. मग दुसरा थर कागद ठेवण्याआधीच वाळला असं समजायचं.

बाई थोडा वेळ प्लेटकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी एवढे दिवस फक्त जमेची बाजू लिहीत होते." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. लावलेला रंग बरोबर कागदावर गेलेला अधिक प्लेटवर उरलेला, आणि हा ताळा जुळल्याशिवाय छापाबद्दल काही बोलायचं नाही. त्यांच्या वहीत दोन रकाने वाढले. एक वेळेचा, दुसरा प्लेटवर काय उरलं त्याचा.

पट्ट्यांची चाचणी

यानंतर फोटो बाजूला ठेवायला सांगितला. त्यांना ते आवडलं नाही, पण ऐकलं. ज्या चित्रात जीव अडकलेला असतो त्यावर तंत्र शिकू नये. प्रत्येक फसलेला छाप मनाला लागतो आणि मग माणूस प्लेटकडे बघत नाही, वडिलांच्या हातांकडे बघतो.

एका पानावर नुसता मजकूर ठळक टायपात लेझरने छापून घेतला आणि त्याच्या अरुंद पट्ट्या कापल्या. प्लेटवर काळा थर लावला, पण यावेळी रोलरचे मोजके हात, डाग राहिले तरी चालतील या बोलीवर. लगेच पहिली पट्टी पालथी ठेवली, चोळली, उचलली. मनात पाच मोजून दुसरी. पुन्हा पाच मोजून तिसरी. असं प्लेटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

सगळ्या पट्ट्या झाल्यावर प्लेटवर जे दिसलं ते मी आता प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला करून बघायला लावते. पहिल्या पट्टीच्या जागी अक्षरं होती पण अंग नसलेली. रंग फार ओला होता, टोनरखालचाही थोडा निघून गेला. पुढच्या काही पट्ट्यांत अक्षरं काळीभोर, कडा धारदार, मधली जागा स्वच्छ. त्यापुढे अक्षरांभोवती धूसर पडदा राहायला लागला. आणि शेवटी नुसता काळा आयत, त्यात अक्षर शोधूनही सापडेना. फोटो उतरण्याची वेळेची खिडकी किती रुंद आहे आणि ती कधी उघडते, हे एका प्लेटवर मांडून समोर आलं. ही खिडकी सगळ्यांची सारखी नसते. रंगाचा दाटपणा, थराची जाडी, हवेतला ओलावा, पंखा, या सगळ्यांनी ती सरकते. म्हणून दुसऱ्या कोणी सांगितलेले सेकंद पाठ करण्यात अर्थ नाही. आपल्या खोलीत, आपल्या रंगावर ती चाचणी एकदा करावी. ज्यांची खिडकी फारच अरुंद निघते त्यांनी ॲक्रिलिकमध्ये थोडं रिटार्डर घालावं, पाणी नव्हे. रिटार्डर वाळणं लांबवतं, पाण्याने रंगातला बाइंडरच, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा पदार्थच, विरळ होतो.

कागद सोलण्याची चाचणीही अशीच घेतली. वाळलेल्या काळ्या अक्षरांवर फिका थर लावून कागदाचे छोटे तुकडे एकदमच ठेवले आणि थांबून थांबून एकेक उचलला. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा त्याच्याखाली प्लेट काचेसारखी मोकळी होती. इथे उशीर केल्याने सहसा काही बिघडत नाही, आणि बाईंना ते ऐकून हायसं वाटलं. पहिल्या टप्प्यात सगळी घाई, दुसऱ्यात सगळा धीर. त्या नेमकं उलट करत होत्या.

एक गोष्ट मात्र याच चाचणीत नव्याने कळली. दुसरा थर लावताना रोलर चार-पाचदा फिरवला की वाळलेली काळी अक्षरंच रोलरला चिकटून उचलली जात होती. फिका रंग रोलरवर चिकट व्हायला लागला की तो काळ्या पापुद्र्याला प्लेटपेक्षा जास्त जोरात धरतो. उपाय साधा. रंग थोडा सढळ घ्यायचा, रोलर हलका, एक-दोन हात, आणि मग कितीही मोह झाला तरी पुन्हा फिरवायचा नाही.

फोटोकडे परत

फोटोतच एक अडचण दडलेली होती. हातांच्या त्वचेवर करड्या छटा फार. लेझर प्रिंटरकडे करडा टोनर नसतो. तो बारीक काळे ठिपके कमी-जास्त दाटीने टाकून करड्याचा भास निर्माण करतो. ठिपक्यांच्या मधला कागद रंग उचलतो आणि ठिपके उचलत नाहीत, हे खरं. पण ठिपके इतके बारीक असतात की थर जरा जाड झाला की सगळं मिळून काळं होतं, आणि जरा पातळ झाला की सगळं निघून जातं. वडिलांचे हात कधी मोज्यात घातल्यासारखे काळे, कधी नाहीसेच, ते यामुळे. फोनमधल्या साध्या ॲपने फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवला, सावल्या पूर्ण काळ्या आणि उजेड पूर्ण पांढरा होईपर्यंत. नखांभोवतीच्या रेषा, सांध्यांच्या सुरकुत्या आणि चिमट्याची कड राहिली, गुळगुळीत करडं गेलं. बाईंना आधी वाटलं फोटो बिघडवला. छापल्यावर त्यांचं मत बदललं.

दुसरी अडचण घड्याळाची. छापात तबकडीवरचे आकडे उलटे येत होते. छाप नेहमी आरशातल्यासारखा उलटतो हे ठाऊक असल्याने त्यांनी फोटो छापण्याआधीच उलटा करून घेतला होता. प्लेटवर थेट रेखाटलं तर ते बरोबर आहे. चित्र एकदाच उलटतं, त्यामुळे अक्षरं आणि आकडे उलटे काढावे लागतात. पण फोटो उतरवताना उलटणं दोनदा होतं, एकदा प्रिंटवरून प्लेटवर आणि दुसऱ्यांदा प्लेटवरून कागदावर. दोन उलट मिळून सुलट. फोटो आहे तसाच छापून घ्यायचा होता.

मग रंगांचा क्रम. जलरंगवाल्यांना ही सर्वांत अवघड जाणारी गोष्ट आहे. कागदावर रंगवताना शेवटचा हात सर्वांत वर दिसतो. प्लेटवर थर चढवून एकदाच छाप घेतला तर जे आधी लावलं ते वर येतं आणि जे शेवटी लावलं ते पार्श्वभूमी होतं. काळ्या रेषा आधी, म्हणून त्या सगळ्यांच्या पुढे. त्यांच्यावर, वाळल्यानंतर, त्वचेच्या जागी तपकिरी आणि तबकडीच्या जागी फिक्या निळ्याचा हात ब्रशने. हे वाळू द्यायचं. शेवटी टायटॅनियम व्हाइट मिसळलेला पिवळा गेरू सगळीकडे. निळा पुरेसा झाकणारा नसेल तर मागचा पिवळा त्यातून डोकावून हिरवट झाक देतो. थॅलो निळ्यासारखे पारदर्शक रंग इथे हमखास दगा देतात. त्यात चिमूटभर पांढरा घातला की काम होतं.

छाप निघाला. सुरकुत्या आल्या, चिमटा आला, आकडे सुलटे आले. एका कोपऱ्यात प्लेटवर अंगठ्याच्या नखाची रेष राहून गेली होती. बाई यावेळी वाकून आधी तिच्याकडेच बघत होत्या. रेषेवर कोरडी पिवळी साय होती. तो कोपरा पंख्याच्या बाजूचा.

ती रेषसुद्धा पुसू नका, असं मी सुचवलं. तिच्यावर पुन्हा फिका थर लावून कागद ठेवला की आदल्या चित्राचे उरलेसुरले अवशेष वर येतात. मोनोटाइपमध्ये, म्हणजे प्लेटवर रंगवून एकच पूर्ण छाप निघतो अशा पद्धतीत, पुसट दुसरा छाप घेणं जुनंच आहे. जेनोआचा चित्रकार कास्तिल्योने १६४० च्या दशकात मोनोटाइप करत होता, आणि १८७० च्या दशकात फ्रेंच चित्रकार देगा याच पुसट दुसऱ्या छापांवर पेस्टल चढवून पूर्ण चित्रं करायचा. बाईंनी आजवर असे किती अवशेष पुसून टाकले असतील, याचा हिशेब आता लागणार नाही. नंतरच्या काही पुसट छापांवर त्यांनी पेनाने काम केलंय, आणि खरं सांगायचं तर मूळ छापापेक्षा मला तेच जास्त आवडतात.

अजून काय बाकी आहे

करडं परत आणायचं आहे. हातांचा गोलवा काळ्या-पांढऱ्यात मावत नाही ही त्यांची तक्रार रास्त आहे. यासाठी एकाच फोटोच्या दोन प्रती करतोय. एकीत फक्त गडद सावल्या, दुसरीत सावल्या आणि मधल्या छटा मिळून. गडद प्रत काळ्यात आधी उतरवायची, वाळल्यावर दुसरी प्रत मधल्या तपकिरीत त्याच जागी, मग पार्श्वभूमी. काळं आधी असल्याने ते आपोआप वर राहतं.

जागा जुळवणं सोपं नाही. प्लेट पारदर्शक असल्याने तिच्याखाली काचेवर खुणांचा कागद ठेवता येतो आणि दोन्ही प्रिंटचे कोपरे त्या खुणांवर बसवता येतात. पण वाळलेल्या काळ्यावर तपकिरीचा ओला थर पसरला की खुणा झाकल्या जातात, म्हणून त्या प्लेटच्या बाहेर लांबवून काढाव्या लागतात. शिवाय दुसरा प्रिंट उचलताना उघडा कागद ओला तपकिरी रंग उचलतो आणि त्याच्यासोबत खालच्या काळ्याचे कोवळे तुकडेही ओढतो. काळा थर केवळ हाताला कोरडा लागून भागत नाही, बराच जास्त वेळ द्यावा लागतो असं दिसतंय. वहीत त्या रकान्यापुढे सध्या वेगवेगळे आकडे पडतायत, आणि अजून ताळा जुळलेला नाही.